गोळीचं पहिलं पाणी

माझी थोरली बहीण कौसल्या बाळंतपणानंतर गप्प झाली ती झालीच. लेकरू रडलं तरी भिंतीकडे पाहत बसायची. नागपूरच्या डॉक्टरांनी उदासीवरच्या नव्या, लालसर साखरी वेष्टनाच्या गोळ्या दिल्या, आणि महिन्याभरात ती बोलू लागली, लेकराला न्हाऊ घालू लागली. पण चौसष्टच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, गोळ्या खोट्या असतील तर बदलू. खऱ्या असूनही असं होत असेल, तर भरती करून विजेचे झटके द्यावे लागतील. ताडून पाहायला त्यांनी आपल्याजवळची भरवशाची एक गोळी दिली.

मी तेव्हा यवतमाळच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. ढुमणे सरांनी प्रयोगशाळा उघडून दिली. राळेगावहून एसटीनं कौसल्या आणि तिची सासू मैनाबाई आल्या, बाहेर बाकावर बसल्या.

डॉक्टरांची गोळी आणि कौसल्याच्या डबीतली एक, अशा दोन्ही वेगवेगळ्या कुटून आम्ही आम्लात विरघळवल्या, गाळल्या, नारिंगी रंगद्रव्य घातलं आणि क्लोरोफॉर्म ओतून हलवलं. औषध रंगाला धरून खाली क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं. जितकं औषध, तितका तो थर पिवळा. सरांनी रंगमापकात पाहिलं. दोन्ही सारखेच पिवळे. गोळ्या खऱ्या होत्या. म्हणजे आता विजेचे झटकेच.

मैनाबाईंना आत बोलावून सांगितलं. त्यांनी काचेतल्या पिवळ्या थराकडे बोट दाखवलं.

"हे तं डबीतली गोळी हाय, माय. मी तिले देतो थे तं तुमी पाह्यलीच नाही."

त्यांनी कनवटीची पुडी सोडली. आत पांढरट चुरा. गोळीनं सुनेचं तोंड कोरडं पडतं, हात कापतात, म्हणून होळीनंतर गोळ्या द्यायचं काम त्यांनी मुलाकडून आपल्याकडे घेतलं होतं. रात्री भिजवायच्या, सकाळी पाणी फेकायचं, खालचा गाळ वाळवून द्यायचा.

"रानातला कडू कांदा शिजवतानी त्याचं पहिलं पाणी नाही फेकत का आपन? जहर निंगून जाते."

चुरा तपासला. क्लोरोफॉर्म जवळजवळ पाण्यासारखाच राहिला. सर म्हणाले, हे औषध पाण्यात सहज विरघळतं. आजी, सारं तुमच्या न्हाणीनं प्यालं. मैनाबाई आधी घाबरल्या, मग अर्थ उमजला तशा मटकन खाली बसून हसत रडू लागल्या. औषध निकामी झालं नव्हतं, ते पोटात गेलंच नव्हतं. झटके टळले होते.

तिथंच त्यांनी अख्खी गोळी कौसल्याच्या हातावर ठेवली.

पोळ्याच्या दिवशी कौसल्यानं भाजी अळणी झाल्याचं सासूला तोंडावर सुनावलं. मैनाबाई ते कौतुकानं गल्लीभर सांगत फिरल्या.