साबणाचं पाणी

त्या न्हाव्याला सगळी गल्ली फुगा म्हणायची, आणि ते काही पोटामुळे नव्हे. पोट तर खपाटीला गेलेलं होतं. पण कुठलीही गोष्ट त्याच्या तोंडात गेली की फुगूनच बाहेर यायची. दुकानात मांजर शिरलं तर संध्याकाळपर्यंत त्याचा वाघ व्हायचा, आणि त्या वाघाची दाढी कुणी केली हे वेगळं सांगायला नको.

एका बाबतीत मात्र त्याला फारसं फुगवावं लागत नसे. दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की ताईची बाग होती. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दोघंच जण दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहायचे. बाग म्हणजे तरी काय, बोळाएवढी जागा. फुटक्या टबात अंजीर, कापलेल्या तेलाच्या डब्यांत टोमॅटो, जुन्या घमेल्यात पुदिना आणि भिंतीवर चढवलेला गुलाब. दुकानात कापलेले केस ताई रोज झाडून न्यायची आणि मातीत कालवायची. "अख्ख्या गल्लीची डोकी माझ्या अंजिराच्या मुळाशी आहेत," असं म्हणायची.

नंबर येईपर्यंत गिऱ्हाइकं तिथल्या बाकावर बसत. आणि ही गोष्ट फुग्याने सांगितली असली तरी खरी होती, की तिथे बसून आलेल्या माणसाची मान सैल झालेली असायची. कुणी साहेबाशी भांडून आलेला असो, कुणी कालच बायकोला स्मशानात पोचवून आलेला असो. वस्तऱ्याखालची मान खोटं बोलत नाही. कित्येक जण तर नंबर आला तरी "दुसऱ्याला घे आधी" म्हणत अंजिराखालून हलायचे नाहीत.

एके दिवशी ताई जिन्यावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून नेताना ती एवढंच म्हणाली, "धाकट्या, झाडांना पाणी."

"तू काळजीच करू नको," फुगा म्हणाला.

आता नळ होता गल्लीच्या पार टोकाला, आणि पाण्याने भरलेली झारी म्हणजे हाताला कळ. इकडे दुकानात दाढ्यांच्या पाण्याने रोज बादली भरायची. शिवाय कंगवे बुडवून ठेवायची औषधाची बरणी होती, तीही रिकामी करावीच लागायची. पाणी ते पाणी, असं म्हणून फुग्याने दोन्हींतलं झाडांच्या बुडाशी ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या तेव्हा त्याला वाटलं, बिचारी तहानली असतील. म्हणून आणखी ओतलं.

दवाखान्यात ताई विचारायची, "बाग कशी आहे?"

तोवर टोमॅटोंनी माना टाकल्या होत्या. आजारी माणसाला हे कसं सांगायचं, असं फुग्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की त्याला लाज वाटत होती. लाज वाटली की तो तोंड उघडायचा, आणि तोंड उघडलं की काय व्हायचं ते आपण पाहिलंच आहे.

"टोमॅटो? अगं, पोस्टमन त्यांच्या सावलीत सायकल लावतो."

अख्खा वॉर्ड हसायचा. शेजारच्या खाटेवरच्या मावशी तर पोटावरचे टाके धरून म्हणायच्या, "भाऊ, पुरे करा, उसवतील."

ताई हसायची नाही. आधी नुसती ऐकायची, मग छताकडे बघत ऐकायची, आणि पुढे पुढे भिंतीकडे तोंड करून.

ताईकडून व्यायाम करून घेणाऱ्या दवाखान्यातल्या मुलीने एकदा त्याला दाराबाहेर गाठलं. "काका, हाड छान जुळलंय. पण त्या उठतच नाहीत. वॉकर आणला की डोळे मिटून घेतात. आता पाय टाकला नाही तर मग पुढे टाकताच येणार नाही. कायमच्या खाटेवर राहतील."

फुगा घाबरला. घाबरलेल्या माणसाने करू नये तेच त्याने केलं. आत जाऊन आतापर्यंतची सगळ्यात मोठी थाप ठोकली. "ताई, अंजीर वरच्या खिडकीपर्यंत पोचलंय बघ. सकाळी फांदी आत घालून मलाच उठवतं. तू नसताना नुसतं उधाण आलंय बागेला."

ताई भिंतीकडे बघतच म्हणाली, "बरं झालं. माझ्यावाचून काही अडलं नाही."

"तर काय."

"मग उठून तरी मी करू काय? राहू दे मला इथंच."

फुगा खाली बसला. तरुणपणी एकदा एका गिऱ्हाइकाचा कान त्याच्या हातून कापला गेला होता. तेव्हा झालं होतं तसंच झालं, हात गार आणि तोंड गरम. आजवर त्याच्या थापांनी लोकांचा वेळ गेला होता, कुणाचे पाय गेले नव्हते. झाडं मारलीच होती, आता ती लावणाऱ्या ताईलाही तो रोज थोडी थोडी मारत होता. आणि तेही वॉर्डाला हसवत हसवत.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मावशी उशीला टेकून तयारच होत्या. "काय भाऊ, टोमॅटोत कुणी भाड्याने राहायला आलं का?"

"टोमॅटो नाहीत," फुगा म्हणाला.

मावशी हसल्या.

"अंजीरही नाही. गुलाबही नाही. काहीच नाही, ताई. सगळं वाळलं."

पलीकडच्या खाटेवरही कुणीतरी हसलं. ताईने मात्र मान वळवली. खोटं बोलताना तिचा भाऊ डोळ्यांत डोळे घालून बोलायचा, आणि आज तो फरशीकडे बघत होता.

"पाणी घालत होतास ना?"

"घालत होतो."

"कुठलं?"

फुगा तिच्या चादरीचं टोक नीट खोचायला लागला.

"धाकट्या, कुठलं पाणी?"

"दाढीचं."

"साबणाचं?"

"आणि बरणीतलं. कंगव्यांचं."

मावशींनी चादर तोंडापर्यंत ओढून घेतली. हसण्यासाठी की काय, ते बघायची फुग्याची हिंमत झाली नाही.

"जवळ ये," ताई म्हणाली.

"मारशील."

"मारायला मला उठायला लागेल. तो वॉकर सरकव इकडे."

दारात ती मुलगी उभी होती. ती आत यायला लागली, आणि काय वाटलं कोण जाणे, तिथेच थांबली. ताई खाटेच्या कडेला बसली, दांडा धरला, दात आवळले आणि उभी राहिली. मारलं नाही, दोन्ही हात अडकलेले होते. पण पावलागणिक एक शिवी दिली, आणि शिव्या संपेपर्यंत खिडकी आली.

"माती सगळी फेकावी लागेल," ती धापा टाकत म्हणाली. "आणि पुदिना मेला म्हणतोस, तो सहजी मरत नाही. मुळं उकरून बघितलीस?"

"नाही."

"तुला काय बघता येतंय म्हणा."

पुढे ताई घरी आली आणि मागच्या दारात खुर्ची टाकून बसली. फुगा घमेली भरभरून मेलेली माती बाहेर काढी, नळावरून झारी भरून आणी आणि मधूनमधून दाढ्या करी. पुदिन्याला एका कोपऱ्यात नखाएवढं पान आलं होतं. बाकी सगळे डबे रिकामे.

येणारा प्रत्येक जण विचारायचा, "अरे, बाग कुठे गेली?"

"काय झालं, एक वादळ असं आलं की..."

मागून वॉकरचा पाय फरशीवर आपटायचा.

"मीच मारली," फुगा म्हणायचा. "साबणाचं पाणी घालून."

समोर आरसा, मागे आरसा, बाजूला आरसा. न्हाव्याला तोंड लपवायला दुकानात जागाच नसते. जिकडे बघावं तिकडे तेच लाल झालेलं तोंड. आणि गंमत अशी की कुणाचा विश्वास बसेना.

"ही काही तुझी चांगली थाप नाही बुवा," एका गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक म्हणालं. "असा गाढव कुणी असतो का? ताई, तुम्हीच सांगा, खरं काय ते."

"ज्याचं त्याने सांगावं," ताई म्हणाली. ती भिंत धरून उठली होती. झारीत तळाशी थोडंसं पाणी होतं, ते घेऊन ती पुदिन्याकडे निघाली. "आणि केस झाडून आण रे, धाकट्या."

फुग्याने वस्तरा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, काही न फुगवता. गोष्ट एवढीशी निघाली की एका गालाच्या दाढीलाही पुरली नाही.