एका दाण्याचे दोन आवाज

माझ्याकडे कुणी बघत नाही, माझ्यात बघतात. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला माझ्यावर डोकी वाकायची आणि एकच प्रश्न यायचा, "किती राहिलं?" मी साहेबांचा जेवणाचा वाडगा. साहेब म्हणजे या घरातला कुत्रा. मी स्टीलचा असलो तरी स्वभावाने भारी काळजीखोर आहे, हे आधीच सांगून टाकतो. हात नाहीत, पाय नाहीत, जीभ नाही, आहे ते सगळं पोटच. त्यामुळे काही झालं की पोटात गोळा येण्यापलीकडे मला काही करता येत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका चकतीतून झाला. एका यंत्राने वरून दणका दिला तसा मी खोलगट झालो, दुसऱ्याने माझी कड वळवली, आणि मी सरकू नये म्हणून कुणीतरी माझ्या तळाला रबराचं कडं बसवलं. पुढे आम्ही बारा भावंडं एकात एक बसून दुकानाच्या फळीवर आलो. गिऱ्हाईक सगळ्यात वरच्याला टिचकी मारून बघे आणि परत ठेवी. मी खालून तिसरा. आपली पाळी कधी येणारच नाही या धास्तीत माझे पहिले चार महिने गेले.

मग एक दिवस एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी दुकानात आली. गृहस्थांनी टिचक्या मारल्या नाहीत. एकेका वाडग्याच्या कडेवरून नख फिरवत कान देऊन ऐकलं आणि मला बाजूला काढलं. "हा घे. याचा पत्रा सगळीकडे सारखा आहे." हे अप्पा. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. मुलगी चाळिशीला टेकली होती, तरी ते तिला बेबीच म्हणत.

घरी बुटांच्या खोक्यात एक तपकिरी पिल्लू होतं. बेबीने माझ्यात दूध ओतलं. पिल्लाने आधी पाठ फिरवली, अंग ताणलं, जांभई दिली आणि मग सवडीने चालत आलं. अप्पा म्हणाले, "या साहेब!" तेच नाव पडलं. दूध संपवून ते माझ्यातच अंगाची वळकटी करून झोपलं आणि मी तासभर श्वास रोखून बसलो, कलंडेन या भीतीने.

आठ वर्षं सुखात गेली. घातलेलं संपायचं, आणि रिकामा झालो की साहेब मला नाकाने ढकलत स्वयंपाकघरभर फिरवायचे. नवव्या वर्षी मात्र माझ्यात काहीतरी उरायला लागलं. आधी चार दाणे, मग मूठभर, मग निम्मं. "लाडावलाय," बेबी म्हणाली. "वय झालं की नखरे वाढतात," शेजारीण म्हणाली. साहेबांचे नखरे हा घरातला विनोद झाला आणि सगळे हसले.

बेबीचं काम वस्तू वापरून बघण्याचं. उशा, छत्र्या, मिक्सर असं काय काय ती घरी मागवायची, महिनाभर वापरायची आणि कोणती वस्तू कशी आहे ते एका वेबसाइटवर लिहायची. खोटं कधी लिहायची नाही, म्हणून तिच्या शब्दावर लोक डोळे मिटून खरेदी करायचे. या खेपेला तिने विषय घेतला नखरेल कुत्र्यांसाठी घरपोच येणाऱ्या भारीतल्या कोरड्या खाण्याचा. सहा कंपन्या, सहा पिशव्या. "नखरेल कुत्रा घरातच आहे," ती अप्पांना म्हणाली, "शोधायला कुठे जाऊ?"

खोक्यांची रांग लागली. कुरियरवाला तीन जिने चढून यायचा आणि धापा टाकत विचारायचा, "ताई, तुमच्याकडे कुत्रा आहे की जावई?" सोनेरी पिशवीबरोबर तर कार्ड आलं होतं, "प्रिय साहेब, आमच्या स्वयंपाकघरातून थेट तुमच्या वाडग्यात." माझाही उल्लेख! खोटं कशाला बोलू, मी क्षणभर फुगलो.

बेबीचे नियम कडक होते. एका पिशवीला दहा दिवस. मला वजनकाट्यावर ठेवून साठ ग्रॅम दाणे मोजायचे, जमिनीवर ठेवायचं, वीस मिनिटं कुणी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, मग उचलून पुन्हा काट्यावर. जितकं वजन कमी, तितकी चव चांगली. ती वीस मिनिटं ती पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून टाइप करत बसायची. आपण समोर असलो तर तो आपल्या भिडेखातर खातो, असं तिचं म्हणणं.

"आणि अप्पा, दूध-पाव बंद."

"अगं, चार वाजता दोन घास देतो मी. तेवढ्याने काय होतंय?"

"त्या दोन घासांनीच सगळा घोळ होतो. याचं पोट तुम्ही भरायचं आणि बोल बिचाऱ्या कंपनीला."

"बरं बाई," अप्पा म्हणाले, आणि दूध-पाव बंद झाला. इथे माझं धाबं दणाणलं. कारण तो दूध-पाव ते माझ्यातच घालायचे, आणि तो साहेब असा चाटूनपुसून खायचे की मला वेगळं घासावं लागायचं नाही. नखरे करणारा असा खातो होय? पण मला विचारतो कोण!

सोनेरी पिशवीचे दाणे चांगले जाडजूड होते. साहेब धावत आले. शेपूट हलत होती, नाकाची ऊब माझ्या कडेला लागत होती. एक दाणा त्यांनी दातांत धरला, जरासा दाबला आणि एकदम थांबले. दाणा परत माझ्यात पडला. त्यांनी तो पुन्हा उचलला, मान वाकडी करून दुसऱ्या बाजूने चावून पाहिला, पुन्हा टाकला. चौथ्या खेपेला दाण्याबरोबर लाळेचा एक गुलाबी धागा माझ्या अंगावरून ओघळला. मग ते लांब जाऊन बसले आणि तिथूनच माझ्याकडे बघत राहिले.

भूक होती. ती मी त्यांच्या श्वासात ओळखत होतो. त्यांचं तोंड दुखत होतं.

वीस मिनिटांनी बेबीने मला उचललं. काट्याने छप्पन्न ग्रॅम दाखवले. ओल्या दाण्यांवरचा गुलाबी डाग तिला दिसला, तिने बोटाने पुसून पाहिला आणि हाक मारली, "अप्पा, बघा! एवढं महाग खाणं, आणि यात रंग घालतात. दोन गुण कापते." माझ्या जिवाची अशी तगमग झाली म्हणता! अगं, रंग नव्हे तो, नीट बघ, असं ओरडावंसं वाटत होतं. पण आम्हा भांड्यांना आपटल्याशिवाय आवाज नाही. तिने मला हळुवारपणे नळाखाली धरलं आणि तो धागा वाहून गेला.

पुढच्या पिशव्यांचंही तेच झालं. मासळीची पिशवी, हरणाच्या चित्राची पिशवी, हाडाच्या आकाराचे दाणे. मान वाकडी, दाणा खाली, साहेब लांब. एकदा दाराच्या फटीतून बेबीने पाहिलं आणि वहीत लिहिलं की हा मान तिरकी करून संशयाने खातो, हे नखरेल कुत्र्याचं लक्षण आहे. रोज सात आणि सहा वाजायच्या आधी माझी घालमेल सुरू व्हायची. साहेब पाणी प्यायला वाकले की त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. गळ्याचा पट्टा दोन भोकं आत गेला.

सहावी पिशवी दोन दिवस उशिरा आली, तीही कोपऱ्यात फाटून. तिचे दाणे मिरीएवढे. साहेबांनी ते जिभेने उचलले आणि न चावताच गिळले. काट्यावर फक्त एकोणीस ग्रॅम उरले. बेबीने टाळीच वाजवली. "अप्पा, सापडलं! याला हीच चव हवी होती!" घरात आनंदीआनंद. पिशवी उशिरा आल्यामुळे दहा दिवस न थांबता तिने त्याच रात्री लेख लिहिला, सहाव्या पिशवीला पहिला नंबर दिला आणि कारण दिलं माशाच्या तेलाचं. त्यातला एकही दाणा दाताला लागला नव्हता, हे एकट्या मला ठाऊक होतं. लेख वाचून लोकांनी ती पिशवी मागवली. मी त्या अनोळखी घरांतल्या वाडग्यांचा विचार करत ओट्यावर पालथा पडून राहायचो. चौथ्या दिवशी साहेबांना गिळणंही जड जायला लागलं आणि माझ्यात पुन्हा निम्मं उरलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं होतं. बंद घड्याळ अप्पांना बघवत नाही. वीस मिनिटांचा नियम विसरून ते स्टुलावर चढले आणि आमच्याकडे पाठ करून सेल बदलत राहिले. खाली साहेब माझ्याशी झगडत होते. अप्पांचा हात थांबला.

"बेबी, इकडे ये."

ते स्टुलावरून उतरले, जाऊन तिचे हेडफोन काढून घेतले आणि तिला दंडाला धरून घेऊन आले.

"अप्पा, अजून आठ मिनिटं आहेत!"

"खड्ड्यात गेली मिनिटं. गप्प उभी राहा आणि ऐक."

साहेबांनी दाणा उचलला. दात माझ्या तळाला घासले. मग दाणा पडला, टण्.

"काय ऐकायचं?"

"एका दाण्याचे दोन आवाज येतायत. एक उचलल्याचा, एक पडल्याचा. मधला चावल्याचा कुठाय?"

अप्पांनी खणातून डोळ्याला लावायचं भिंग आणलं, गुडघे धरत जमिनीवर बसले आणि साहेबांचं डोकं मांडीवर घेतलं. "आ कर रे राजा." ओठ वर करताच साहेब असे किंचाळले की मी जागच्या जागी थरथरलो. बेबीने त्यांना धरलं. अप्पा बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"वरची मोठी दाढ उभी चिरलीय. आणि हिरडी बघ, केवढी सुजलीय. रक्त येतंय गं यातून."

बेबी भिंतीला टेकून खाली बसली. तिने मला ओढून मांडीवर घेतलं, ओला दाणा उचलला आणि त्यावरचा गुलाबी डाग बघत राहिली. "अप्पा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी रंगाचे दोन गुण कापले."

"मी तरी काय केलं? दूध-पाव भरवत राहिलो म्हणून कुणाला कळलं नाही, आणि तू म्हणालीस तसा निमूट बंद केला. ऊठ आता. डॉक्टर आठपर्यंत असतात."

बेबी साहेबांना घेऊन गेली आणि परत आली ती एकटीच. मला वाटलं, संपलं. तिने अप्पांना सांगितलं तेव्हा कळलं की दाढेच्या मुळाशी पू झाला होता आणि दुखणं कित्येक महिन्यांचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "इतका अशक्त झालाय की भूल द्यायला माझा हात धजत नाही. आणि थांबलो तर जबड्याच्या हाडात उतरेल." आधी दोन दिवस सलाइन, मग दाढ काढायची.

ते दिवस मी कोरडा ठणठणीत ओट्यावर बसून काढले. कुणी मला आत ठेवेना, कुणी बाहेर काढेना. फोन वाजला की अप्पा आणि बेबी एकदमच उठायचे. मधे एकदा फोन वेबसाइटच्या संपादकांचा निघाला. निकाल मागे घेऊ नका, लेख जोरात चाललाय, असं ते सांगत होते. बेबी म्हणाली, "सर, माझ्या कुत्र्याने कुठलीच चव घेतली नव्हती. त्याला चावता येत नव्हतं आणि मी काटा बघत बसले होते." फोन ठेवून तिने लेखाच्या जागी तेवढंच लिहिलं, आणि खाली जोडलं की नखरे म्हणण्याआधी तोंड उघडून बघा. माझंही वाचणाऱ्यांना हेच सांगणं आहे. तुमचा कुत्रा वाडगा सोडून लांब जाऊन बसला, तर पिशवी बदलण्याआधी त्याचा ओठ जरा वर करा.

पाचव्या दिवशी साहेब आले. चिरलेली आणि तिच्या शेजारची अशा दोन दाढा गेल्या होत्या, चालताना झोक जात होता, पण शेपूट हलत होती. बेबीने दाणे गरम पाण्यात भिजवून मऊ लगदा केला, माझ्यात घातला आणि मला नेहमीच्या जागी ठेवलं. साहेब आले. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले. माझ्या कडेवर उजेड चमकला, आणि ते शेपूट पायात घालून मागे सरकले.

बेबीने तोच लगदा हातावर घेऊन पुढे केला, तर त्यांनी बोटांच्या सांध्यातूनसुद्धा चाटून काढला. पुन्हा माझ्याकडे नेलं, पुन्हा मागे. तीन वेळा. मला इतकं वाईट माझ्या जन्मात वाटलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते दुखणं म्हणजे मी होतो.

"हा नको," अप्पा म्हणाले. "याला घाबरतोय तो."

"आठ वर्षांचा वाडगा आहे, अप्पा."

"असू दे. ठेव वर."

मला राग आला नाही. तिने मला स्वच्छ पुसलं आणि वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवलं. आता साहेब चिनी मातीच्या पसरट ताटलीत जेवतात. इथून मला ती दिसत नाही आणि मऊ खाण्याचा आवाज येत नाही. ते शेवटी ताटली चाटायला लागले की मात्र ती जिभेने पुढे पुढे सरकते आणि भिंतीला जाऊन लागते. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला मी त्या आवाजाची वाट बघतो. तो येईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. काल ताटली भिंतीला लागायला जरा उशीर झाला. पण लागली.