मिटलेलं प्रकरण

बुरुलचानं फाईल अध्यक्ष तुर्सुनसाहेबांकडे परत ढकलली.

"नुसती ताकीद? पोराचा डावा कान कायमचा गेलाय, साहेब!"

"तुम्हाला ज्याला त्याला बडतर्फच करायचं असतं," तुर्सुनसाहेब म्हणाले. ते स्वतः पोलिसातून निवृत्त झालेले, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या या समितीत आल्यापासून त्यांना सगळे पोलीस पुतण्यासारखे दिसत. "आणि आता तर प्रकरण मिटलंय."

मिटलंय! बुरुलचाला या शब्दाचा वीट आला होता. नाक्यावर गाडी का अडवली एवढंच नुरदीननं विचारलं, म्हणून कप्तान मेलिसनं त्याच्या कानशिलात भडकावली होती. ठाण्यानं दिलेली ताकीद पुरेशी आहे का, हे ठरवायला समिती बसलेली. पण कायदा दारात पोचेपर्यंत घरात मेंढा शिजलेला असायचा. मारणाऱ्या पोलिसाचे नातेवाईक यायचे, म्हातारे दुवा मागायचे, सगळे जेवायचे, की संपलं. एकत्र जेवल्यावर तक्रार कसली?

समोर नुरदीनचा बाप झुमादिल भर जूनमध्ये मखमली चापान, मानाचा जाड लांब झगा, घालून घामानं निथळत बसला होता. कप्तानाच्या वडिलांनी समेटाच्या वेळी तो त्याच्या खांद्यांवर चढवला होता.

"काढून ठेवा की तो, काका. भोवळ येईल."

"कसा काढू, बाई? लोक म्हणतील, समेट मोडला."

बुरुलचानं कपाळाला हात लावला. मग ती नुरदीनकडे वळली.

"तुला काय वाटतं, बाळा?"

"त्याला काय वाटायचंय," झुमादिल म्हणाला. "तो खूश आहे."

"मी त्याला विचारलं, काका."

"तेच सांगतोय ना मी."

नुरदीन टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला. बापापलीकडे कालमुर्झा आजोबा बसले होते, समेट घडवून आणणारे, मोहल्ल्यातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांना आता राहवेना.

"पोरी, उगाच कशाला उकरतेस? सबंध गल्ली जेवली. हाही जेवला. मेंढ्याचं मुंडकं माझ्यासमोर ठेवलेलं. मी माझ्या हातानं याला कान कापून दिला."

"काय दिलं?"

"कान. घरातल्या धाकट्याला कानच देतात. मोठ्यांचं ऐकावं त्यानं, म्हणून. एवढीही रीत विसरलात का तुम्ही शिकलेल्या..."

आजोबा थांबले. दाढीवर गेलेला हात तिथंच राहिला.

तुर्सुनसाहेबांनी चहाची वाटी उचलली आणि न पिताच खाली ठेवली.

"खाल्लास तू?" बुरुलचानं हळूच विचारलं.

नुरदीननं मान हलवली. हो.

"मी शेजारीच बसलो होतो," झुमादिल स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "वर म्हटलं, खा, नशीबवान आहेस. आजोबांच्या हातचं आहे."

"चुकून झालं," तुर्सुनसाहेब घाईनं म्हणाले. "रीत ती रीत. त्यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. चला, झुमादिल, समेट कायम आहे एवढं सांगा, म्हणजे ताकीद कायम करून टाकू. सगळे मोकळे."

झुमादिलनं बाहीनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"त्याला विचारा," तो म्हणाला.

"अहो, पण तुम्ही बाप—"

"त्याला विचारा म्हटलं ना!"

बुरुलचा खुर्ची घेऊन नुरदीनच्या उजव्या बाजूला गेली.

"समेट मान्य आहे तुला?"

"नाही."

ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसा तो गरजेपेक्षा मोठ्यानं बोलला. बाहेरच्या बाकावर कप्तान मेलिस कुणाशी तरी हसत होता, ते हसणं थांबलं.