हिरव्या रंगातले जावईबापू

फुटबॉल क्लबात तिला सगळे मीटरबाई म्हणत. खेळाडूंच्या बंडीत, दोन खांद्यांच्या मधोमध, काडेपेटीएवढं यंत्र बसवलेलं असे. कोण किती धावला, किती वेळा जोर लावला, छाती किती धडधडली, ते सगळं तिच्या संगणकावर उतरे. ते बघून उद्या कुणाकडून घाम गाळून घ्यायचा आणि कुणाला आराम द्यायचा, हे सांगणं तिचं काम. काम अवघड नव्हतं. समोर ऐकणारं डोकं हवं, एवढीच अट होती, आणि कोच नेमका तिथेच नापास होता.

कोचला आकडे फार प्रिय, कारण आकडे उलट बोलत नाहीत. त्याने कपडे बदलायच्या खोलीत भिंतभर पडदा लावून घेतला आणि सर्वांत जास्त धावणाऱ्याचं नाव त्यावर सगळ्यांत वर, हिरव्या रंगात झळकवायला सुरुवात केली.

"सर, हा थर्मामीटर आहे," ती म्हणाली. "ज्याला जास्त ताप त्याला बक्षीस द्यायचं का?"

"बाई, पोरांत ईर्ष्या लागली पाहिजे," असं म्हणून कोचने शिट्टी तोंडात घातली. अडचणीचं बोलणं निघालं की त्याला शिट्टी आठवे.

ईर्ष्या लागली ती जावईबापूंना. हे मालकांचे एकुलते एक जावई आणि म्हणायला संघाचे आघाडीचे खेळाडू. बाकीचे पाणी प्यायला थांबले की हे गृहस्थ मैदानाला चकरा मारत. चेंडू डाव्या कोपऱ्यात असला की हे उजव्या कोपऱ्यात जीव तोडून पळत. पडद्यावर मात्र रोज पहिले! कोच टाळ्या वाजवी आणि इतरांनाही वाजवायला लावी.

यादीच्या तळाला असे खंबा. बचावफळीतला हा गडी चेंडू जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभा राही. मग उगाच धावायचं कशाला? हा मीटरबाईचा सख्खा धाकटा दीर. दोघं एकाच घरात राहत आणि एकाच गाडीतून कामाला येत.

त्या आठवड्यात सामन्यावर सामने झाले होते. खंब्याची प्रत्येक धाव आदल्या दिवसापेक्षा मंदावत होती आणि उजवा पाय भार घ्यायला कुरकुरत होता. तिने त्याच्या नावापुढे लाल खूण केली आणि लिहिलं: विश्रांती हवी. कोचने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

"वहिनीबाईंनी दिराची रजा मंजूर केलीय! घरचाच कारभार!"

सर्वांत मोठ्याने हसले जावईबापू. घरच्या कारभाराबद्दल बोलायचा अधिकार त्या इमारतीत त्यांच्याइतका कुणाला नव्हता, हे खरंच.

संध्याकाळी ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा खंबा दारात येऊन घुटमळला.

"वहिनी, तेवढं लाल काढून टाका ना. लोक हसतात."

"भाऊजी, ते मी नाही, तुमच्या मांडीने लावलंय. दुखतेय ना?"

"छे."

"मग मघाशी जिना चढताना कठड्याला का लटकलात?"

"मीही बघितलं," सासूबाई आतून म्हणाल्या.

खंबा चिडला. "तुम्ही वहिनी आहात म्हणून मी घाबरट ठरतोय, कळतंय का तुम्हाला?"

चार माकडं हसली म्हणून आपली मांडी पणाला लावायला निघालेल्या या शहाण्याचाही तिला तितकाच राग आला. पण लाल खूण तिने तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो सरावाला उतरला. कोचने वेगाच्या धावा लावल्या आणि खंबा आयुष्यात कधी धावला नव्हता तसा सुटला. मध्येच मांडीच्या मागे हात दाबून तो खाली बसला. ती बर्फ घेऊन पोचली तेव्हा तो दात आवळून म्हणाला, "वहिनी, फाटलं बहुतेक." कोचच्या तोंडात शिट्टी होती.

मालकांनी तिघांना बोलावलं. तिसरे अर्थातच जावईबापू. ते कशासाठी, हे विचारायची पद्धत नव्हती.

"यंत्राने कसलीच सूचना दिली नाही, साहेब," कोच म्हणाला.

"दिली होती. तुम्हीच सगळ्यांना वाचून दाखवलीत," ती म्हणाली. "जावईबापूंना विचारा, त्यांना फार हसू आलं होतं."

जावईबापू छत न्याहाळू लागले. मालकांनी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं आणि तोडगा काढला: यापुढे प्रत्येकाच्या दोन्ही पायांना एकेक यंत्र बसवायचं.

"जरूर बसवा," ती उठत म्हणाली. "एखादं डोक्यालाही लावून बघा. काही हलतंय का ते तरी कळेल."

राजीनामा तिने जिना उतरता उतरताच फोनवरून पाठवून दिला.

चार दिवसांनी दवाखान्यात खंब्याच्या पायाला पट्टी बांधणं चाललं असताना तिचा फोन वाजला. कोच होता. एकही यंत्र चालू होत नव्हतं. ती रोज घरी निघताना चार्जिंगला लावायची, हे त्या विद्वानाला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. तिने फोन दिराच्या हातात दिला.

"बोला, भाऊजी. तुमचेच साहेब आहेत."

खंब्याने सगळं ऐकून घेतलं. "सर, यंत्रं थकली असतील," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "त्यांना जरा आरामाला सोडा. आमच्या वहिनींनी रजा मंजूर केलीय."

पट्टी बांधणाऱ्या नर्सला काहीच कळलं नाही, पण हसताना पाय हलवू नका, असं तिने दोघांनाही बजावलं.