मऊ केलेली तक्रार

चौकशी अधिकारी अर्ज मोठ्याने वाचू लागले आणि दुसऱ्याच वाक्याला तो लिहिणाऱ्या शिलाई कारखान्यातल्या बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘आग लागली त्या वेळी मागचे दार दुर्दैवाने उघडू शकले नाही.’

दुर्दैवाने म्हणे. तिने लिहिलं होतं की बायका मधेच घरी पळतात म्हणून मुकादमाने मागच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, मी डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या मशीनवरची मैत्रीण त्याच दाराआड जळून गेली होती, आणि कुलूप घालताना पाहणारी ही एकटीच उरली होती.

ही करामत दिराची. तो कचेरीत कारकून, म्हणजे घरातला अकलेचा कांदा. “द्या वहिनी, चुका काढून देतो,” म्हणाला. अर्जाचा फोटो चॅटबॉटला दिला, विनम्र करायला सांगितलं, मग ब्राउझरमधल्या भाषा तपासणाऱ्या साधनाच्या सगळ्या सूचना एका क्लिकमध्ये मान्य करून टाकल्या. छापलेला कागद इतका देखणा दिसला की हिने न वाचताच सही ठोकली. आता तिला स्वतःचाही तितकाच संताप आला.

समोर मुकादम निवांत बसला होता. मालकाचा वकील म्हणाला, “बाईंची कुणाविरुद्धही तक्रार नाही, साहेब.”

“भाऊजी, कुलूप कुठं गेलं?” तिने शेजारी बसलेल्या दिराला विचारलं.

“वहिनी, ते यंत्र म्हणालं, भाषा फार कडक आहे,” दीर पुटपुटला. “सरकारी कामात बरं दिसत नाही.”

“आणि ती जळाली ते बरं दिसलं? माझं लिहिलेलं कुठाय?”

“मोबाइलमध्ये. फोटो आहे अजून.”

“मग उठा. साहेबांना वाचून दाखवा. आता शेपूट घालू नका.”

वकिलाने हरकत घेतली. अधिकाऱ्यांनी त्याला हातानेच गप्प केलं. दीर उभा राहिला आणि फोटो मोठा करून वाचू लागला. तारीख, कुलूप, मुकादम, सगळं आलं.

“मी पुढून धावत मागे गेले. बाहेरून दगडाने कुलूप ठोकत होते. आतून ती दार वाजवत होती. मग...”

तो थांबला. हे त्याने आज पहिल्यांदाच वाचलं होतं.

“वाचा पुढे,” ती म्हणाली. “मी तर ऐकलंय.”