दोर धरणारी

झाडावर चढायचा कृष्णनाथ आणि खाली दोर धरायची त्याची थोरली बहीण शेवंती. घरावर कललेली, विजेच्या तारांत शिरलेली, आतून पोकळ झालेली झाडं ही दोघं फांदी फांदी करून उतरवत. दोडामार्गाहून पेडण्यात येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाच्या घराचं एक कौल फुटलं नव्हतं.

दोर शेवंती स्वतः निवडायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती दोराचे पीळ उलगडून बघे, नाकाशी धरून कुजका वास येतो का ते हुंगे. कृष्णनाथच्या कमरेला नायलॉनचा, कारण तो भिजला तरी कुजत नाही. फांदी उतरवायला मात्र काथ्याचा जाड दोर. नायलॉन ताण आला की लांबतो आणि हातातून सुळकन जातो. काथ्या हात सोलतो, पण धरून राहतो. पेट्रोलवर चालणारी करवत कृष्णनाथने एकदाच हातात घेतली होती.

"हिका दोन हात लागतत," तो म्हणाला. "मग मी झाडाक धरू कित्यान?"

वाकडी हातकरवत आणि कोयता, एवढ्यावरच त्याचं काम चाले.

१९८६ च्या डिसेंबरात ती दोघं नदीकाठच्या चोपडे गावात कमलाक्षीच्या आंब्यावर काम करत होती. कमलाक्षी सत्तरीची, एकटी राहणारी. तिचं घर आणि रस्ता यांच्या मधोमध तो आंबा उभा होता. वीज पडून बुंधा पोकळ झालेला आणि सगळा भार घराच्या अंगाला. त्या दिवसांत मराठी की कोकणी यावरून गोवा पेटला होता. दोन्हीकडची माणसं रस्त्यावर उतरली होती, बस कधी येईल आणि कधी नाही याचा भरवसा नव्हता. कमलाक्षी म्हणाली होती, "शेवंते, चार दिवसांनी येवा." शेवंती म्हणाली, "माय, आंबो चार दिवस थांबतलो काय?"

सकाळी नऊच्या सुमारास कृष्णनाथने घरावरची सर्वांत मोठी फांदी कापून दोरावर घेतली. बैलाच्या वजनाची ती फांदी वरच्या बेचक्यातून ओवलेल्या दोराला, बुंध्याला लागूनच, दोन पुरुष उंचीवर लोंबकळत होती. दोराचं दुसरं टोक वीस पावलांवरच्या माडाला तीन वेढे देऊन शेवंतीच्या हातात होतं. आता एकेक हात सोडत फांदी जमिनीला टेकवायची, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रक येऊन थांबला. बारा-तेरा जण उड्या मारून उतरले. पुढे होता प्रमोद, पार्शे गावचा, तिशीतला धिप्पाड गडी. ट्रक त्याचाच.

"हो आंबो रस्त्यार आडवो घालूचो आसा," तो म्हणाला. "मागसून पोलिसांची गाडी येता."

"रस्त्यार पडूचो नाय तो," शेवंती म्हणाली. "घरार पडतलो. भार थंय आसा. आणि माझो भाव वर आसा."

"मग तेका खाली येवक सांग."

"फांदी टांगलेली आसा. ती टेकली की येतलो. अर्धो घंटो दिया."

"अर्धो घंटो!" प्रमोद बाकीच्यांकडे बघून हसला. "ऐकलात? हिका अर्धो घंटो होयो."

त्याने एकाच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि सरळ बुंध्याशी गेला. पहिल्याच घावाला कुऱ्हाडीचं पातं सालीतून आत पोकळीपर्यंत गेलं. असा बुंधा वीस घावही झेलणार नाही, हे शेवंतीने आवाजावरूनच ओळखलं.

वरून कृष्णनाथ ओरडू लागला. "हात थांबव! घर जायत! म्हातारी आत आसा!" आणि तो घाईघाईने उतरण्यासाठी कमरेची गाठ सैल करू लागला. खालून कुणीतरी दगड भिरकावला. तो त्याच्या भुवईवर बसला. करवत हातातून निसटून खाली आली, आणि कृष्णनाथ मान टाकून कमरेच्या दोरावर लोंबकळला. त्याच्या कपाळातून रक्त टपटप पाचोळ्यावर पडू लागलं.

"मारलास रे तेका! मारलास!" शेवंती किंचाळली.

एक जण धावत आला आणि त्याने तिच्या पाठीत लाथ घातली. ती माडावर आदळली, ओठ फुटला, पण तिने दोर सोडला नाही. तिकडे पाचवा घाव पडला, सहावा पडला. आंब्याच्या पोटातून करकर असा आवाज आला आणि शेंडा घराच्या बाजूला वीतभर सरकला.

शेवंतीने वर पाहिलं. फांदी बरोबर प्रमोदच्या डोक्यावर होती.

"बाजूक हो!" ती ओरडली. "बाजूक हो, मी दोर सोडतंय!"

प्रमोदने मान वर केली, फांदीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ती सोडणार नाही अशी त्याची खात्री असावी. त्याने पुन्हा कुऱ्हाड उचलली.

शेवंतीने माडाचे वेढे सोडवले. एक, दोन, तीन.

प्रमोद शेवटच्या क्षणी उडी मारून सरकला, म्हणून जीव वाचला. फांदी त्याच्या उजव्या मांडीवर बसली. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. तो ओरडला तसा माणूस ओरडताना शेवंतीने कधी ऐकला नव्हता.

चार-पाच जण तिच्यावर धावून आले. केस धरून तिला पाडलं, दांडक्याने हाणलं. डोकं वाचवायला तिने डावा हात पुढे केला तो कोपराखाली मोडला. कुणीतरी छातीवर पाय दिला. इतक्यात कमलाक्षी चुलीवरचं पेजेचं मडकं फडक्यात धरून बाहेर आली आणि उकळती पेज तिने दोघांच्या पाठीवर ओतली. ते लोळण घेत बाजूला झाले. म्हातारी रिकामं मडकं उगारून शेवंतीसमोर उभी राहिली.

"येवा," ती म्हणाली. "आता माका मारा."

कुणी पुढे आलं नाही. उरलेले प्रमोदला ओढायला धावले होते, पण फांदी हलवली की ती मांडीवर आणखी लोळत होती आणि तो गुरासारखा हंबरत होता.

वर कृष्णनाथ शुद्धीवर आला होता. एक डोळा रक्ताने बंद, तरी त्याने खालचं सगळं पाहिलं.

"हात लावू नकात!" तो ओरडला. "तेका जितो होयो तर दोर माझ्या बहिणीच्या हातात दिया!"

मघाशी तिला मारणाऱ्यांनीच तिला उठवलं. फांदीला बांधलेला दोर अजून बेचक्यातून ओवलेलाच होता. शेवंतीने उजव्या हाताने त्याचं टोक पुन्हा माडाला गुंडाळलं आणि सहा जणांना दोर ओढायला उभं केलं.

"मी सांगीन तेव्हाच ओढा. झटको मारलात तर पाय हंयच रवतलो."

ती बोलत असताना तिच्या तोंडातून रक्त गळत होतं. फांदी हातभर उचलली गेली, शेवंतीने वेढा आवळून ती तिथेच थोपवली, आणि दोघांनी प्रमोदला बाहेर ओढलं. मग कृष्णनाथ पोकळ बुंध्याला जपत जपत उतरला. त्याने आपल्या कमरेचा दोर सोडून प्रमोदच्या मांडीला वर करकचून बांधला. रक्त थांबलं.

म्हापशाचं इस्पितळ गाठायचं तर ट्रक होता, पण रस्ता नव्हता. मागच्या दोन वळणांवर याच लोकांनी झाडं आडवी घातली होती. शेवटी कुणीतरी नदीवरून एक होडी आणली. पलीकडे शिवोलीला गाडी मिळाली असती. होडीत प्रमोदला आडवं निजवलं आणि मोडका हात पोटाशी धरून शेवंतीही बसली. कृष्णनाथ वल्हवणाऱ्याच्या शेजारी.

अर्ध्या नदीत प्रमोदने डोळे उघडले.

"दोर हातातसून निसटलो काय गे?"

"नाय," शेवंती म्हणाली. "सोडलंय मी."

तो म्हणाला, "पाणी दी." तिने कृष्णनाथकडून तांब्या घेऊन त्याच्या ओठांना लावला. एका हाताने धरलेल्या तांब्यातलं अर्धं पाणी त्याच्या गळ्यावर सांडलं.

प्रमोदचा पाय मांडीपासून कापावा लागला. शेवंतीचा हात दीड महिन्याने जुळला, थोडा वाकडा. इस्पितळात हवालदार आला तेव्हा तिने सरळ सांगितलं की दोर मी सोडला. हवालदाराने लिहायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"जखमी माणूसच म्हणतो की निसटला. तू कशाला अंगावर घेतेस?" आणि त्याने निसटला असंच लिहिलं.

पुढे गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. त्याच्या पुढच्या महिन्यात शेवंती म्हापशाच्या बसस्टँडवर उभी असताना गर्दीतून दोन कुबड्यांवर एक माणूस तिच्याकडे आला. तो प्रमोद होता, निम्म्याने वाळलेला. गालफडं बसलेली.

"दोर निसटलो म्हणान सांगितलंय ता तुका वाचवूक नाय," तो म्हणाला. "बायलेन पाडलो असा सांगूचा कसा, म्हणान."

आणि त्याने उजवी कुबडी उचलून तिच्या तोंडावर हाणली. गाल फाटला. त्याचा तोल गेला आणि तोही फरशीवर कोसळला. माणसं धावली. एका कंडक्टरने प्रमोदची गचांडी धरली, दुसऱ्याने हात उगारला.

"सोडा तेका," शेवंती ओरडली. "सोडा! तेचो पाय माझ्या हातान गेलो. मुद्दाम. माझो भाव झाडार असताना ह्यो झाड तोडी होतो, म्हणान मी फांदी तेच्या आंगार सोडलंय."

कंडक्टरने गचांडी सोडली, दुसऱ्याचा उगारलेला हात खाली आला. प्रमोद जमिनीवर बसून तिच्याकडे बघत होता. इतक्या माणसांसमोर हे तिने बोलावं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने हात पुढे केला.

"हात लावू नको," तो म्हणाला, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

तिने हात मागे घेतला. दोघांनी त्याला उचलून पेडण्याच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून त्याने एकदाही बाहेर पाहिलं नाही.

त्याच बसने शेवंतीलाही जायचं होतं. ती पुढच्या बसने गेली. घरी पोचल्यावर कृष्णनाथने तिचा गाल पाहिला आणि दारामागचा कोयता उचलला.

"ठेव तो," शेवंती म्हणाली. "सगळ्यांक सांगून इलंय मी. आता पाणी तापत घाल, गाल धुवूचो आसा."