कप्तानबाईची नणंद

समुद्रावरच्या लुटारूंना कायदाकानून नसतो, असं म्हणणारा माणूस त्यांच्या पंगतीला कधी बसलेला नसतो. पहिला घास कुणी घ्यायचा, शिंक आली तर तोंड कुठल्या बाजूला फिरवायचं, सगळ्याचे नियम. आणि त्यातला सगळ्यात कडक नियम म्हणजे, कप्तानाचं नात्यातलं माणूस जहाजावर नको.

याला कारण एक मेहुणा. फार पूर्वी एका कप्तानाचा मेहुणा पाण्यात पडला. मागे राजाचं तोफांचं जहाज लागलेलं, तरी कप्तानानं त्याच्यासाठी जहाज वळवलं. मेहुणा वाचला, निम्मी माणसं गेली. बरं, मेहुणा तरी काही कामाचा असावा! पुढे आयुष्यभर ‘त्या दिवशी पाणी फार गार होतं’ एवढंच सांगत बसला म्हणे. तेव्हापासून जो कप्तान होईल त्यानं नातेवाइकाला किनाऱ्यावर सोडायचं.

आमची बाई कप्तान व्हायला जहाजावर आलीच नव्हती. नवरा शिडं शिवायचा, म्हणून ती आली. नवऱ्याची थोरली बहीण लग्न न करता राहिलेली, म्हणून तीही आली. नवरा एका वादळात डोलकाठीवरून गेला तो गेलाच. शिडं मात्र फाटायची थांबली नाहीत. तेव्हा जहाजाच्या पोटातल्या एका खोलीत, डांबराच्या आणि मेणाच्या वासात, दोघी नणंदा-भावजया तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून समोरासमोर शिवत बसायच्या. मधे एकच शीड, एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर गेलेलं. आणि तोंडं? सुईपेक्षा जलद.

“वन्सं, टाके जरा जवळ घाला. यातून वाराच काय, बोकड जाईल.”

“तू मला शिकव! तुझ्या नवऱ्याला सुईत दोरा ओवायला मी शिकवलं.”

“म्हणूनच त्यांना कधी जमला नाही.”

असं सकाळपासून चालायचं. खलाशी वरून जाताना मुद्दाम हळू चालायचे.

मग एकदा राजाच्या जहाजानं गाठलं. पहिल्याच गोळ्यात कप्तान गेला. माणसं सैरावैरा. आमची बाई खालून वर आली, एकदा मागे पाहिलं आणि म्हणाली, “झोपा सगळे.”

“मरायला?” आचारी म्हणाला.

“मेल्यासारखे. आणि कण्हा. वन्सं, तुमचा पिवळा परकर काढा!”

पिवळं निशाण म्हणजे जहाजावर साथ आहे, हे तेव्हा समुद्रातल्या माशांनासुद्धा ठाऊक होतं. नणंदेचा एकुलता एक चांगला परकर डोलकाठीवर चढला. खाली माणसं कण्हायला लागली. आचारी तर असा कण्हला की शेजारचे दोघे खरंच ओकले. राजाचं जहाज जवळ आलं, थबकलं, आणि असं काही वळलं की त्याचीच दोन शिडं फाटली. ही शेवटची गोष्ट मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल, तर एकच शीड धरा.

संध्याकाळी नवा कप्तान निवडायला माणसं गोल बसली. रीत अशी की ज्याला कप्तान करायचं त्याच्या पुढ्यात प्रत्येकानं आपला सुरा ठेवायचा. सगळे सुरे हिच्यापुढे आले. ही हसली, लाजली, मग पुन्हा हसली. आणि मग म्हातारा सुतार खाकरला. जहाजावरचे नियम त्याला पाठ.

“बाई, नणंदेला उतरावं लागेल.”

तिचं हसू गेलं. “मग मला नको तुमचं कप्तानपण.”

गलका झाला. कुणी म्हणे, नणंद म्हणजे काही सख्खं नातं नाही. कुणी म्हणे, नणंदेइतकं पक्कं दुसरं नातंच नाही, माझ्या घरी येऊन बघा. शेवटी सुतारानंच वाट काढली. “बोलणं तुटलं की नातं तुटलं. मी आणि माझा भाऊ बोलत नाही, तो आता माझा कोण? या दोघींनी एकमेकींशी शब्द काढायचा नाही, खूण करायची नाही. शब्द निघाला की नणंद उतरली. चालेल?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींना हसू आवरेना. हा तर पोरखेळ! “चालेल,” नणंद म्हणाली. जहाजावर भावजयीसमोर काढलेला तोच तिचा शेवटचा शब्द.

पहिले काही दिवस मजेत गेले. नणंद जहाजाच्या मांजरीशी मोठ्यानं बोलायची. “काय गं मने, काही लोकांनी जेवण सोडलंय म्हणे. हाडं दिसायला लागलीत.” वर कप्तानाच्या खोलीत ही गालात हसायची आणि ताट संपवायची. पण सुतार खमका. तो म्हणाला, “तिसऱ्याला सांगून टोमणा मारायचा, अहो याचंच नाव नातं!” मांजरीशी बोलणं बंद झालं.

बाईचं नाव मात्र वाढत गेलं. एका जहाजाची तीन झाली, तिनाची इतकी की सकाळी शिडं उभारली की किनाऱ्यावरची माणसं म्हणायची, ढग आले. बंदरांचे अधिकारी तिच्या नावानं घाम पुसायचे. तिची खोली मोठी झाली, टेबलाला नक्षीचे पाय आले. जेवण झाकून यायचं, आणणारा दार ओढून घ्यायचा. ती डेकवर आली की गप्पा थांबायच्या, माणसं उगाच दोर तपासायची. एकदा आचाऱ्यानं काहीतरी विनोद केला आणि सगळे खदखदून हसले. ही जवळ गेली. “काय झालं?”

“काही नाही, बाई.”

तिनं खूप आग्रह केला, तेव्हा त्यानं तो विनोद उभा राहून, हात बांधून पुन्हा सांगितला. कुणालाच हसू आलं नाही.

खोलीच्या फळ्यांना कान लावला तर खालून मेण लावलेला दोरा कापडातून ओढल्याचा आवाज यायचा. सर्र. थांबला की ही श्वास धरायची. पुन्हा सर्र. नणंद आता संपूर्ण शीड एकटीनं शिवायची. दुसरं टोक कुठेतरी खिळ्याला अडकवायची.

नियम तिनंही पाळायला लावला. तिच्या हाताखालच्या एका कप्तानानं, ज्याला सगळे लंगडा म्हणत, सख्ख्या भावाला आपल्या जहाजावर पाणक्या म्हणून लपवलं होतं. तिनं त्या भावाला उतरवलं. लंगडा पाया पडला, तरी उतरवलं. “नियम माझ्यासाठी आहे तसा तुझ्यासाठी,” ती म्हणाली.

आणि मग ती दुपार आली. लंगडा काही मसलतीसाठी तिच्या जहाजावर आला होता. नणंद डेकवर पाय पसरून मोठं शीड शिवत होती, पाठ वाऱ्याकडे. एकदम वारा फिरला, दोर तुटला आणि शिडाचा आडवा वासा डेकवरून झाडूसारखा फिरत आला.

“वन्सं! खाली!”

नणंद आडवी झाली. वासा तिच्या केसांवरून गेला.

सगळे वळून बाईकडे बघायला लागले. मग आचारी म्हणाला, “काय मेला वारा आहे. काही म्हणजे काही ऐकू येत नाही.”

“हो ना,” दुसरा म्हणाला.

सुतारानं कानात बोट घालून असं काही हलवलं, जणू वर्षभराचं पाणी काढतोय. “वयच झालं आपलं.”

सगळं जहाज ठार बहिरं झालं. लंगडा तेवढा बोलला नाही. त्यानं बाईकडे पाहिलं, मग नजर खाली घेतली. त्यानं तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

नणंदेनं टाका पूर्ण केला, दोरा दातानं तोडला आणि गाठोडं बांधायला खाली गेली.

बेट समोरच होतं, माणसांची वस्ती असलेलं, ओळखीचं. होडी उतरवली. दोन वल्हेकरी पुढे झाले.

“बाजूला व्हा,” बाई म्हणाली. “मी नेते.”

कप्तान वल्हं धरत नाही. पण होडी म्हणजे जहाज नव्हे, तिथे जहाजाचा नियम चालत नाही, हे सुतारानं कुणी न विचारताच जाहीर केलं.

होडी जहाजापासून सुटली. इतक्या दिवसांचं साठलेलं, पण तोंडच उघडेना. मग नणंद म्हणाली, “अगं, वल्हवतेस की कढई ढवळतेस?”

“तुम्ही गाठोड्यात दगड भरलेत त्याला मी काय करू?”

“तुझे जुने मोजे आहेत. टाच शिवलीय. सांगता येत नव्हतं ना, म्हणून ठेवून दिले होते.”

मग काय! गुडघा कोणता दुखतो, मांजरीला पिल्लं किती, आचारी मीठ विसरतो की मुद्दाम करतो, तिकडच्या डोलकाठीचं शीड कुणी वाकडं बांधलं. दोघी एकदमच बोलत होत्या. उतरू नका असं कुणी म्हटलं नाही, आणि तू कप्तानपण सोड असंही नाही. एकदा मात्र बाई म्हणाली, “मी सोडते सगळं. येते तुमच्याबरोबर.”

“आणि ती एवढी माणसं कुणाच्या जिवावर? लंगड्याच्या भावाला काय सांगशील?” नणंदेनं होडीतलं पाणी हातानं बाहेर टाकलं. “इथे एक खोली बघेन. तुझ्याशिवाय कुणी भांडायला मिळतंय का बघेन. डावीकडे घे, खडक आहे.”

खडक नव्हता. पण बाईनं डावीकडे घेतलं. मग आणखी डावीकडे.

जहाजाच्या कठड्याला सगळी माणसं उभी होती. होडी किनाऱ्याजवळ जायची, वळायची, पुन्हा निघायची.

“बाईंना वल्हवता येत नाही वाटतं,” एक नवा खलाशी म्हणाला.

“येतं तिला,” सुतार म्हणाला. “गप बस.”

ऊन उतरायला लागलं तेव्हा होडी वाळूला लागली. नणंद उतरली, गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि मागे वळून काहीतरी ओरडली. लाटांत ते बाईला ऐकू गेलं नाही. तिनं विचारलंही नाही. मान हलवली.

परत येताना तिनं सरळ वल्हवलं. किनारा किती जवळ होता, ते तिला तेव्हा कळलं. वरून दोर सोडला. ती चढत असताना हात द्यायला कुणी पुढे आलं नाही, कप्तानाला हात द्यायची रीत नव्हती.